रीस्टार्ट केलं की चालतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा ५०२

"भाऊ, साइट उघडून नाही राहिली." सकाळी अकराच्या आसपास ग्रुपवर हा मेसेज पडतो. कोणीतरी अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर रीस्टार्ट करतो, दोन मिनिटांत पानं उघडू लागतात, ग्रुपवर अंगठे येतात. दुसऱ्या दिवशी, नाहीतर पुढच्या सोमवारी, पुन्हा तेच. मग रॅम वाढते, कोअर वाढतात, महिन्याचं बिल वाढतं आणि ५०२ (मागच्या सर्व्हरकडून धड उत्तर आलं नाही, असं सांगणारा आकडा) जागच्या जागी राहतो. कनेक्शन कोणी उघडलं, किती वेळ धरून ठेवलं आणि आधी कोणी सोडलं, या तीन प्रश्नांची उत्तरं प्रॉक्सीच्या कॉन्फिगमध्ये एक आणि अ‍ॅप्लिकेशनच्या कॉन्फिगमध्ये दुसरीच लिहिलेली असतात. भांडण तिथे असतं.

परसोडीचा आयटी पार्क असो की मिहान, मांडणी साधारण अशी धरू: समोर एनजिनएक्स (विनंती मागे पोचवणारी प्रॉक्सी), मागे दोन अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर (टॉमकॅट, नोड किंवा गनिकॉर्न), त्यांच्यामागे पोस्टग्रेस डेटाबेस. मशीन मुंबईच्या क्लाउडमध्ये, माणसं नागपुरात. खालचे आकडे लिनक्सचे आणि या सॉफ्टवेअरच्या मूळ सेटिंगचे आहेत. तुमच्याकडे कोणी आधीच हात लावला असेल तर वेगळे दिसतील.

रीस्टार्टआधीची दोन मिनिटं

रीस्टार्टने अडकलेले थ्रेड (विनंत्या हाताळणारे कामगार) सुटतात, डेटाबेसचा पूल (उघडून ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा) नव्याने भरतो, रांग रिकामी होते. टाइम-वेटमधली (बंद होऊनही मिनिटभर पडून राहणारी) कनेक्शनं रीस्टार्टने जात नाहीत, पण तेवढ्या मिनिटभरात ती आपोआप ओसरतात. म्हणजे आजार कुठलाही असला तरी औषध लागू पडल्यासारखं दिसतं आणि पुरावा पुसला जातो. म्हणून आधी फोटो, मग रीस्टार्ट. साहेब मागे उभे असले तरी.

एका स्क्रिप्टमध्ये हे सगळं बसवून ठेवा: 'एसएस -एस' म्हणजे सॉकेटांची गोळाबेरीज, 'एसएस -एलएनटी' म्हणजे ऐकणाऱ्या पोर्टांच्या रांगा, 'एनस्टॅट -एझेड' मधल्या लिसन-ओव्हरफ्लो आणि लिसन-ड्रॉप या दोन ओळी, एनजिनएक्सच्या एरर लॉगच्या शेवटच्या २०० ओळी, डीमेसेजच्या, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगच्या शेवटच्या ५० ओळी, पोस्टग्रेसमधून 'पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटी'चा तक्ता. जावा असेल तर १० सेकंदांच्या अंतराने ३ थ्रेड डंप (कुठला थ्रेड कोडच्या कुठल्या ओळीवर आहे याची नोंद). एका डंपवरून थ्रेड अडकलाय की नुसता जाता जाता दिसला हे कळत नाही. तिन्ही डंपांत तोच थ्रेड त्याच ओळीवर उभा असेल तर तो अडकलेला. ही स्क्रिप्ट दोन वेळा चालवा, एकदा सगळं ठीक असताना आणि एकदा बसल्यावर. ठीक असतानाचा आकडा हाताशी नसेल तर ४,००० टाइम-वेट जास्त की कमी, यावर नुसती चर्चा होते.

एनजिनएक्सच्या मूळ अ‍ॅक्सेस लॉगमध्ये मागच्या सर्व्हरबद्दल काहीच नसतं. लॉग फॉरमॅटमध्ये अपस्ट्रीमचा (म्हणजे मागच्या सर्व्हरचा) पत्ता, अपस्ट्रीमचं स्टेटस, अपस्ट्रीम कनेक्ट टाइम, अपस्ट्रीम हेडर टाइम, अपस्ट्रीम रिस्पॉन्स टाइम आणि रिक्वेस्ट टाइम ही सहा चलं आजच घाला. निम्मं निदान याच ओळीतून होतं. कनेक्ट टाइम मोठा असेल तर अडचण रांगेत किंवा वाटेत. कनेक्ट टाइम एक मिलिसेकंद आणि हेडर टाइम १२ सेकंद असेल तर कनेक्शन लगेच लागलंय, अ‍ॅप्लिकेशन किंवा डेटाबेस विचार करत बसलाय. अपस्ट्रीम रिस्पॉन्स टाइम ०.२ आणि रिक्वेस्ट टाइम ९ असेल तर सर्व्हर मोकळा आहे. समोरचा माणूस बुटीबोरीच्या वाटेवर मोबाइलच्या एका दांडीवर पान उतरवतोय.

वेळ बघताना मशीनचं घड्याळ यूटीसीवर आहे का ते तपासा. आपले सकाळचे ११ म्हणजे लॉगमधले ५:३०. उलट, रोज न चुकता पहाटे ५:३० ला त्रास होत असेल तर यूटीसीच्या मध्यरात्री सुटणारी क्रॉनची कामं आणि लॉग फिरवणारी स्क्रिप्ट आधी बघा.

आकडा वाचा

ब्राउझरला दिसणारा ५०२ हा खूप जणांचा एकच मुखवटा. खरं नाव एरर लॉगमध्ये कंसातल्या आकड्यात असतं. १११ म्हणजे त्या पोर्टवर कोणी ऐकतच नाही: प्रोसेस मेली किंवा अजून उठली नाही. ११० म्हणजे वाट बघून थकलो. कनेक्ट होतानाचा ११० आणि उत्तर वाचतानाचा ११० हे दोन वेगळे आजार आहेत, आणि ब्राउझरला ते बहुधा ५०४ (वेळेत उत्तर आलं नाही) म्हणून दिसतात. १०४ म्हणजे पलीकडच्याने बोलता बोलता फोन आपटला. ९९ म्हणजे प्रॉक्सीकडे बाहेर जायला पोर्टच उरलं नाही. २४ म्हणजे फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइली आणि कनेक्शनांचा कोटा) संपले. युनिक्स सॉकेटवर ११ दिसला तर पलीकडची रांग भरलीय.

४९९ हा एनजिनएक्सचा स्वतःचा आकडा: माणूस कंटाळून निघून गेला. ५०२ च्या आधीच्या पाच मिनिटांत ४९९ चढत गेले असतील तर बिघाडाची सुरुवात तिथे झाली, ५०२ हा शेवट आहे. ५०३ दिसला तर आधी स्वतःचीच रेट लिमिट (ठरावीक वेळात किती विनंत्या घ्यायच्या ती मर्यादा) तपासा, कारण एनजिनएक्सचं लिमिट-रेक मूळ सेटिंगमध्ये ५०३ परत देतं आणि लोक तासभर अ‍ॅप्लिकेशन खणत बसतात.

आणखी एक खूण फुकटात मिळते, ती म्हणजे वेळ. गर्दीत येणारा ५०२ आणि शांततेत येणारा ५०२ सहसा वेगवेगळ्या घरचे असतात. दुपारी जेवणाच्या वेळी, रात्री अकरानंतर, सर्व्हर निवांत असताना एखाद-दुसरा ५०२ पडत असेल, तर पुढचा भाग नीट वाचा.

आधी कोणी सोडलं: कीपअलाइव्हची वेळ

प्रॉक्सी मागच्या सर्व्हरशी एक कनेक्शन उघडून ठेवते आणि पुढच्या विनंतीसाठी तेच वापरते. रिकामं पडलेलं कनेक्शन किती वेळ धरायचं याचं घड्याळ दोन्ही टोकांना असतं. एनजिनएक्स मागच्या सर्व्हरसाठी रिकामं कनेक्शन मूळ सेटिंगमध्ये ६० सेकंद धरतो. नोडच्या अनेक आवृत्त्यांत हेच घड्याळ ५ सेकंदांचं आहे. गनिकॉर्नच्या थ्रेड वर्करमध्ये २ सेकंद; त्याचा सिंक वर्कर तर कीपअलाइव्ह करतच नाही. टॉमकॅट कनेक्शन टाइमआउटचाच आकडा वापरतो, आणि सोबत येणाऱ्या सर्व्हर फाइलमध्ये तो २०,००० मिलिसेकंद लिहिलेला असतो.

आता काय होतं बघा. नोडचे ५ सेकंद भरतात, तो बंद करण्याचं पॅकेट पाठवतो. ते पॅकेट वाटेत असतानाच प्रॉक्सी त्याच कनेक्शनवर नवी विनंती सोडते. नोडच्या लेखी ते कनेक्शन संपलेलं आहे, तो रीसेट पाठवतो. लॉगमध्ये १०४ तरी येतो, नाहीतर अपस्ट्रीमने उत्तराआधीच कनेक्शन बंद केल्याची ओळ. वाहती गर्दी असेल तर कनेक्शन ५ सेकंद रिकामं पडतच नाही, म्हणून ही टक्कर होत नाही. शांततेत होते.

गेट विनंती असेल तर एनजिनएक्स गुपचूप दुसऱ्या सर्व्हरकडे तीच विनंती पाठवतो, वापरणाऱ्याला काही कळत नाही. पोस्ट विनंती मात्र एकदा पाठवून झाली की आवृत्ती १.९.१३ पासून तो आपणहून पुन्हा पाठवत नाही. एकच पैसे दोनदा कापले जाऊ नयेत म्हणून ते बरोबरच आहे. परिणाम असा की पानं सगळी उघडतात, पण फॉर्म भरताना, फी भरताना, लॉगिन करताना मधूनच ५०२. "फक्त पेमेंटलाच प्रॉब्लेम आहे" अशी तक्रार आली की पेमेंटवाल्या कंपनीला फोन करण्याआधी हे घड्याळ बघा.

उपाय एका ओळीचा आहे: जो विनंती पाठवतो, त्यानेच रिकामं कनेक्शन आधी सोडावं. आतल्या सर्व्हरचं घड्याळ बाहेरच्यापेक्षा नेहमी लांब. एनजिनएक्सच्या अपस्ट्रीम भागात कीपअलाइव्ह टाइमआउट ३० सेकंद करा, नोडचं कीपअलाइव्ह टाइमआउट ६५,००० मिलिसेकंद करा. नोडच्या जुन्या आवृत्त्यांत हेडर्स टाइमआउटही त्याहून थोडं जास्त, ६६,००० ठेवावं लागतं, नाहीतर तेच कनेक्शन मधेच तोडतं. गनिकॉर्नला ६५, टॉमकॅटला कीपअलाइव्ह टाइमआउट वेगळं लिहून ६५,०००.

हाच नियम एक पायरी वरही लागू. क्लाउडचा लोड बॅलन्सर (विनंत्या सर्व्हरांत वाटून देणारा) समोर असेल तर एडब्ल्यूएसच्या अ‍ॅप्लिकेशन लोड बॅलन्सरचं रिकामं घड्याळ ६० सेकंदांचं असतं आणि एनजिनएक्सचं ग्राहकाकडचं कीपअलाइव्ह ७५ चं. जोडी मुळात बरोबर आहे. पण कुठल्यातरी 'एनजिनएक्स वेगवान करा' छाप लेखातून ७५ चे १५ केले जातात आणि ५०२ आता लोड बॅलन्सर देऊ लागतो. एनजिनएक्सच्या लॉगमध्ये त्या ५०२ ची ओळसुद्धा नसते, त्यामुळे शोधणारा चक्रावतो.

९९: पोर्ट संपली

वरच्या भागातलं कीपअलाइव्ह मुळात चालू आहे का, हा वेगळाच प्रश्न. एनजिनएक्सच्या बहुतेक चालू आवृत्त्यांत मागच्या सर्व्हरशी बोलणं एचटीटीपी १.० मध्ये होतं आणि दर विनंतीला नवं कनेक्शन उघडून बंद होतं. चालू करायला तीन गोष्टी एकत्र लागतात: अपस्ट्रीम भागात कीपअलाइव्ह ३२, प्रॉक्सी एचटीटीपी व्हर्जन १.१, आणि कनेक्शन हे हेडर रिकामं करून पाठवणं. यातली पहिलीच ओळ लिहून "कीपअलाइव्ह लावलंय" म्हणणारी कॉन्फिग फाइल फार वेळा दिसते. लीस्ट-कॉन सारखी वाटप पद्धत वापरत असाल तर ती ओळ कीपअलाइव्हच्या आधी हवी. आणि ३२ हा आकडा दर वर्करमागे (एनजिनएक्सच्या एकेका काम करणाऱ्या प्रोसेसमागे) आहे. ४ वर्कर असतील तर १२८ रिकामी कनेक्शनं धरली जातील.

हे नसेल तर काय, याचं गणित कागदावर मांडता येतं. लिनक्स बाहेर जाणाऱ्या कनेक्शनसाठी ३२७६८ ते ६०९९९ ही पोर्टं वापरतो, म्हणजे २८,२३२. जो आधी बंद करतो त्याच्याकडे ते पोर्ट ६० सेकंद टाइम-वेटमध्ये पडून राहतं. उत्तर पूर्ण आलं की प्रॉक्सी बहुधा स्वतःच आधी बंद करते, म्हणून ढीग तिच्याकडे साचतो. २८,२३२ भागिले ६० म्हणजे सेकंदाला साधारण ४७० कनेक्शनं, एका पत्त्याच्या एका पोर्टकडे. निकालाच्या दिवशी कॉलेजच्या साइटला, किंवा कळमना मार्केटचे भाव दाखवणाऱ्या अ‍ॅपला सकाळच्या लिलावाच्या वेळी, एवढी गर्दी सहज होऊ शकते. सीपीयू २० टक्क्यांवर, रॅम मोकळी, आणि साइट बंद. रॅम वाढवून पोर्ट वाढत नाहीत.

पहिला उपाय कीपअलाइव्ह. तो लागला की टाइम-वेटचा आकडा काही मिनिटांत जमिनीवर येतो. त्यानंतरही गरज असेल तर पोर्टांची पट्टी १०२४० ते ६५५३५ करा. ५५,२९६ पोर्टं, सेकंदाला साधारण ९२०. पट्टी खाली खेचताना त्यात तुमच्याच सेवांची पोर्टं येतात: मेमकॅशचं ११२११, मोंगोचं २७०१७. ती राखीव पोर्टांच्या यादीत टाका. नाहीतर एखाद्या रात्री मोंगो रीस्टार्ट होताना त्याचं पोर्ट भलत्याच कनेक्शनने बळकावलेलं असेल आणि तो उठणार नाही.

या जागी दोन चुकीचे सल्ले वर्षानुवर्षं फिरताहेत. एक, फिन टाइमआउट कमी करा. त्याचा टाइम-वेटशी संबंध नाही. ते फिन-वेट-२ या दुसऱ्या अवस्थेचं घड्याळ आहे. टाइम-वेटचे ६० सेकंद कर्नलमध्येच लिहिलेले आहेत. दोन, टीडब्ल्यू-रीसायकल चालू करा. एकाच राउटरमागून येणाऱ्या अनेक माणसांपैकी काहींची कनेक्शनं त्याने गुपचूप टाकून दिली जायची, आणि २०१७ च्या ४.१२ कर्नलमधून ते काढून टाकलं गेलं. टीडब्ल्यू-रीयूज मात्र बाहेर जाणाऱ्या कनेक्शनांसाठी वापरता येतं, कर्नल ४.१९ पासून त्याची मूळ किंमत २ आहे, म्हणजे फक्त त्याच मशीनच्या आतल्या कनेक्शनांसाठी. प्रॉक्सीवर १ केलं तर चालतं, टीसीपी टाइमस्टॅम्प चालू असले पाहिजेत एवढीच अट.

'एसएस -टीएएन' च्या यादीत टाइम-वेटऐवजी क्लोज-वेट वाढत असतील तर हा सगळा भाग सोडा. क्लोज-वेट म्हणजे पलीकडच्याने बंद केलं आणि आपल्या प्रोग्रामने सॉकेट बंद करण्याचं कामच केलं नाही. तो कोडमधला गळका नळ आहे. कुठलीही कर्नल सेटिंग त्याला लागू पडत नाही. बाहेरच्या एपीआयकडून येणारं उत्तर वाचून कनेक्शन बंद न करणारी फंक्शनं शोधा.

रांग: १ सेकंद, ३ सेकंद, ७ सेकंद

लॉगमध्ये कनेक्ट टाइम १.०१, ३.०२, ७.०४ असे ठरावीक पायऱ्यांवर दिसले तर पॅकेट टाकून दिलं जातंय आणि समोरचा पुन्हा पाठवतोय. पहिला पुनर्प्रयत्न १ सेकंदाने, मग २, मग ४. कर्नल ६.५ पासून सुरुवातीचे प्रयत्न दर सेकंदाला होतात, म्हणून तिथे १, २, ३, ४ दिसेल.

पॅकेट टाकलं जातं कारण स्वीकारण्याची रांग भरलेली असते. सकाळच्या तर्री पोह्यांच्या गाडीवर चार जण उभे राहतील एवढीच जागा असली की पाचवा रस्ता ओलांडून निघून जातो, आणि पोहेवाल्याला तो आलाच नव्हता असं वाटतं. अ‍ॅप्लिकेशनच्या लॉगमध्ये या विनंत्या नसतात त्याचं कारण हेच.

'एसएस -एलएनटी' मध्ये ऐकणाऱ्या पोर्टसाठी रिसीव्ह-क्यू म्हणजे आत्ता रांगेत किती, सेंड-क्यू म्हणजे रांगेची लांबी. नोडच्या पोर्टवर ५१२ आणि ५११ दिसले की रांग तुडुंब. लांबी ठरते ती अ‍ॅप्लिकेशनने मागितलेला आकडा आणि कर्नलची कमाल मर्यादा सोमॅक्सकॉन यांतल्या लहान आकड्याने. कर्नल ५.४ च्या आधी सोमॅक्सकॉन १२८ होता, नंतर ४,०९६. जुन्या मशीनवर गनिकॉर्न २,०४८ मागतो आणि त्याला मुकाट १२८ मिळतात. सोमॅक्सकॉन बदलल्यावर सेवा रीस्टार्ट केल्याशिवाय नवी लांबी लागू होत नाही.

पण रांग लांब केल्याने पोहे लवकर मिळत नाहीत. क्षणिक लाटेसाठी लांब रांग कामाची. रोज अकरा वाजता भरत असेल तर पुढचा माणूस हळू आहे. टॉमकॅटमध्ये तर ही रांग फसवते. त्याचा स्वीकारणारा थ्रेड मूळ सेटिंगमध्ये ८,१९२ कनेक्शनं आत घेत राहतो, काम करणारे थ्रेड २०० च असले तरी. कर्नलची रांग रिकामी दिसते आणि माणसं दाराच्या आत उभी असतात. तिथे व्यस्त थ्रेडची संख्या बघायची.

२०० थ्रेड आणि एक हळू एपीआय

एका विनंतीला अर्धा सेकंद लागत असेल तर २०० थ्रेड सेकंदाला ४०० विनंत्या ओढतात. बाहेरच्या एसएमएस किंवा पेमेंटच्या एपीआयने ५ सेकंद घ्यायला सुरुवात केली की तेच २०० थ्रेड ४० वर येतात. तुमच्या कोडमध्ये काही बदललेलं नसतं. जावाच्या जुन्या एचटीटीपी क्लाससारखे कित्येक क्लायंट टाइमआउट न सांगितल्यास अनंत काळ थांबतात. प्रत्येक बाहेरच्या कॉलला कनेक्टसाठी २ सेकंद आणि वाचण्यासाठी ५ सेकंद अशी मर्यादा लिहा. थ्रेड डंपमध्ये दीडशे थ्रेड सॉकेट वाचण्याच्या एकाच ओळीवर उभे दिसले तर हेच झालंय.

तेच थ्रेड डेटाबेसचं कनेक्शन मागत उभे असतील तर गुणाकार करा. पोस्टग्रेस मूळ सेटिंगमध्ये १०० कनेक्शनं देतो, त्यातली ३ सुपरयूजरसाठी राखीव, उरली ९७. दोन सर्व्हरवर ५०-५० चा पूल ठेवला तर १०० होतात, आणि नवी आवृत्ती चढवताना काही मिनिटं तिसरा सर्व्हर सोबत उभा राहिला की १५०. दर सर्व्हरला १५ ते २० चा पूल ठेवा. कमी वाटतो, पण ८ कोअरच्या डेटाबेसला एका वेळी १०० क्वेरी दिल्या तर त्या एकमेकींच्याच पायात येतात. जावाच्या हिकारी या पूल लायब्ररीचा मूळ पूल १० चा आहे, आणि तो उगाच नाही.

प्रॉक्सीचा एक स्वभाव इथे आगीत तेल ओततो. एनजिनएक्समध्ये मॅक्स-फेल्स १ आणि फेल टाइमआउट १० सेकंद असतं. महिनाअखेरचा एखादा रिपोर्ट ६० सेकंदांत आला नाही, एक टाइमआउट झाला, की तो सर्व्हर १० सेकंदांसाठी बाद. सगळा भार दुसऱ्यावर, तोही वाकतो, मग लॉगमध्ये एकही जिवंत अपस्ट्रीम नसल्याची ओळ. मॅक्स-फेल्स ३ करा, नेक्स्ट अपस्ट्रीम ट्राइज २ वर बांधा, आणि रिपोर्टसाठी वेगळं लोकेशन करून फक्त तिथेच रीड टाइमआउट १८० द्या. सगळ्या साइटचं रीड टाइमआउट ३०० करणं हा उपाय फार लोकप्रिय आहे. त्याने ५०४ दिसायचे थांबतात आणि थ्रेड पाच-पाच मिनिटं अडकून राहतात.

वीज गेली, कनेक्शन राहिलं

अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर नागपूरच्या ऑफिसात आणि डेटाबेस मुंबईत, मधे ऑफिसचा राउटर: कोणी अशी मांडणी केली असेल तर तिचा एक खास आजार. मे महिन्यात वीज दोन सेकंद लुकलुकते. सर्व्हर यूपीएसवर असतो, राउटर नसतो. राउटर पुन्हा उठतो तेव्हा त्याचा नॅटचा (कुठलं कनेक्शन आतल्या कुठल्या मशीनचं याचा) तक्ता कोरा असतो. दोन्ही टोकांना कनेक्शन जिवंत वाटतं, मधला दुवा ते विसरलेला. रिकामं कनेक्शन असेल तर लिनक्सचं टीसीपी कीपअलाइव्ह (वरच्या कीपअलाइव्हहून वेगळं, पलीकडचा जिवंत आहे का हे विचारणारं) ७,२०० सेकंदांनी पहिली चौकशी करतं, मग ७५ सेकंदांच्या अंतराने ९ वेळा. म्हणजे २ तास ११ मिनिटं १५ सेकंद. तेही अ‍ॅप्लिकेशनने ते कीपअलाइव्ह मागितलं असेल तर. वाटेत डेटा पाठवायचा राहिला असेल तर साधारण १५ मिनिटांनी कर्नल हार मानतो. "लाइट आली तरी अ‍ॅप पंधरा मिनिटं अटकलं होतं" हे वाक्य ऐकलं की हा आकडा आठवावा.

पूलला कनेक्शनचं कमाल आयुष्य ५ ते १० मिनिटं द्या, जेडीबीसीच्या (जावातून डेटाबेसला जोडण्याच्या) पत्त्यात टीसीपी कीपअलाइव्ह चालू करा, आणि कर्नलमध्ये कीपअलाइव्हची वेळ १२० सेकंद, अंतर १५, प्रयत्न ४ करा. म्हणजे तीन मिनिटांत निकाल. क्लाउडचा नॅट गेटवेही असाच विसरतो: एडब्ल्यूएसमध्ये ३५० सेकंद रिकामं राहिलं की, अ‍ॅझ्युरच्या लोड बॅलन्सरमध्ये मूळ सेटिंगला ४ मिनिटांनी. १२० सेकंदांची चौकशी दोन्हींना पुरते. राउटरला ६०० व्हीएचा एक छोटा यूपीएस लावणं हाही नेटवर्कचाच उपाय आहे, आणि या यादीतला सगळ्यात स्वस्त.

अंतराचं गणितही लक्षात असू द्या. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर. तेवढीच लांब फायबर धरली आणि किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद, तर जाऊन येऊन ७ मिलिसेकंद तरी जाणारच, प्रत्यक्षात जास्त. एका पानासाठी ८० छोट्या क्वेरी ऑफिसमधून मुंबईला एकामागून एक मारल्या की अर्धा सेकंद नुसता प्रवासात. अ‍ॅप्लिकेशन आणि डेटाबेस एकाच गावात ठेवा.

उरलेले छोटे

डीमेसेजमध्ये कॉनट्रॅकचा (फायरवॉल ठेवतो त्या कनेक्शनांच्या नोंदींचा) तक्ता भरल्याची ओळ असेल तर पॅकेट फायरवॉलच टाकतोय. कॉनट्रॅकची सध्याची संख्या आणि कमाल मर्यादा शेजारी ठेवून बघा. प्रस्थापित कनेक्शनची नोंद तिथे मूळ सेटिंगला ४,३२,००० सेकंद, म्हणजे ५ दिवस राहते; ती तासाभरावर आणा.

२४ आला तर लिमिट्स फाइलमध्ये आकडा वाढवून उपयोग नाही, सिस्टमडीने (लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामने) चालवलेली सेवा ती फाइल वाचत नाही. सेवेच्याच फाइलमध्ये लिमिट-नो-फाइल ६५५३५ लिहा. प्रॉक्सीला एका विनंतीमागे दोन कनेक्शनं लागतात, त्यामुळे वर्कर कनेक्शन ५१२ म्हणजे प्रत्यक्षात दर वर्करमागे २५६ माणसं.

रेट लिमिट आयपीवर असेल तर अख्ख्या हॉस्टेलची मुलं आणि मोबाइल कंपनीचे शेकडो ग्राहक एकाच आयपीमागे असतात. त्याहून वाईट म्हणजे लोड बॅलन्सर समोर असून खरा आयपी वाचण्याचं मॉड्यूल बसवलेलं नाही. मग सगळं गाव एकाच आयपीचं दिसतं आणि मर्यादा सगळ्यांना मिळून लागते.

मागच्या सर्व्हरचं नाव अपस्ट्रीममध्ये लिहिलं असेल तर साध्या मांडणीत एनजिनएक्स ते सुरू होताना एकदाच शोधतो. क्लाउडने आयपी बदलला की रीलोड होईपर्यंत तो जुन्याच दारावर टकटक करतो.

बदल एका वेळी एकच करा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच स्क्रिप्टचा आकडा शेजारी ठेवा. कर्नलची सेटिंग सिसकंट्रोलच्या स्वतंत्र फाइलमध्ये, जुनी किंमत आणि तारीख शेजारी लिहून. कमांडने केलेली सेटिंग पुढच्या बूटला उडते. एनजिनएक्सची फाइल आधी 'एनजिनएक्स -टी' ने तपासा, मग रीलोड. रीलोडनंतर जुने वर्कर आपली चालू कनेक्शनं संपेपर्यंत जुन्याच सेटिंगवर जगतात, आणि वेबसॉकेट असतील तर ते तासन्‌तास जातात. नवी सेटिंग लागलीच नाही असं वाटलं तर प्रोसेसच्या यादीत बंद होत असलेले वर्कर शोधा, आणि वर्कर शटडाउन टाइमआउट ६० सेकंद लिहून टाका.